कोड काकूंकडे येतो

...“त्यांच्याशी संपर्क साधा” म्हणाली! मेलेल्या माणसाशी! तुम्हाला सांगतो, मदत केंद्रातली ती बाई इतक्या गोड आवाजात म्हणाली की मला क्षणभर वाटलं, असेलही बुवा तशी सोय, हल्ली काय सांगता येतं! मी म्हटलं, “अहो बाई, माझ्या आयकराच्या खात्यावर जो फोन नंबर आहे ना, तो ज्यांचा आहे ते गृहस्थ वारले.” तर म्हणते, “ऐकून वाईट वाटलं. नंबर बदलण्यासाठी जुन्या नंबरवर कोड पाठवला आहे.” “अहो, पण जुना नंबरवालाच गेला!” “अशा वेळी नंबरधारकाशी संपर्क साधावा. आणखी काही मदत हवी आहे का?”

आणखी!

आता तुम्ही म्हणाल, शहाण्या माणसा, तुझ्या खात्यावर दुसऱ्याचा नंबर गेलाच कसा? विचारा, विचारा. बायकोनेही हेच विचारलं, फक्त ‘शहाण्या’ हा शब्द गाळून. तर त्याचं असं आहे... आमच्या इमारतीत तळमजल्यावर रिटर्नवाले काका राहायचे. खरं नाव पाटीवर होतं, पण पाटी वाचतो कोण! सगळ्या जिन्याचे रिटर्न काका भरायचे. खिडकीपाशी टेबल, टेबलावर काच, काचेवर मान वाकवलेला दिवा आणि त्या दिव्याखाली काका, बारा महिने तेरा काळ. आपण काय करायचं? कागदांचा गठ्ठा त्या काचेवर नेऊन आदळायचा आणि घरी येऊन हात धुवायचे. पुढे ते खातं उघडणं म्हणू नका, पासवर्ड म्हणू नका, सगळं काका बघणार. खात्यावर टाकायला फोन नंबर विचारला ना, तेव्हा मी माझा सांगायला तोंड उघडलं, तर काकांनी हात वर केला. “तुमचा कशाला? कोड येतात, स्मरणपत्रं येतात, डोक्याला ताप नुसता. माझाच टाकतो. तुम्हाला कशाला त्रास!”

तुम्हाला कशाला त्रास! काय गोड वाटलं होतं ते तेव्हा! असं वाटलं की जगात आपल्यावर एवढी माया आईनंतर याच माणसाने केली असेल. मला म्हणाले, वरच्या दाताच्या डॉक्टरांना म्हणाले, समोरच्या मुख्याध्यापिका बाईंना म्हणाले. सगळ्या जिन्याला म्हणाले हो! एकेक करून सगळ्यांनी आपापल्या घराची किल्ली त्या एका माणसाच्या खिशात टाकली आणि वर आभार मानले.

आणि काका गेले. उन्हाळा लागता लागता, त्याच खुर्चीत. दिवा चालू, कॉम्प्युटर चालू. आम्ही सगळे गेलो, उभे राहिलो, काकूंना म्हणालो, “काही लागलं तर सांगा,” आणि परत आलो. तुम्हाला सांगतो, हे वाक्य माणूस अशा वेळी म्हणतो कारण समोरचं माणूस काही सांगणार नाही याची त्याला खात्री असते. काकूंनी काही सांगितलं नाही. आम्हीही काही विचारलं नाही. पुन्हा त्या दाराची बेल कुणी वाजवली म्हणाल, तर मी नाही, डॉक्टर नाही, बाईही नाहीत.

त्यानंतरचे दिवस कसे गेले म्हणाल, तर अगदी सुखात! कसलं स्मरणपत्र नाही, कसली ताकीद नाही, मुदत जवळ आल्याचा साधा निरोप नाही. मी बायकोला म्हणालोसुद्धा, “यंदा आयकर खात्यानं फारच सबुरीनं घेतलंय.” अहो, सबुरी कसली डोंबलाची! सगळी स्मरणपत्रं येत होती. ‘प्रिय करदाते, मुदत जवळ आली आहे.’ ‘प्रिय करदाते, ही अंतिम सूचना आहे.’ ‘प्रिय करदाते, कारवाईस पात्र राहाल.’ सगळ्या जिन्याची, सगळ्यांच्या वाटची. तळमजल्यावर. त्या काचेवर. एका बंद दाराआड तो फोन एकटाच थरथरत होता आणि आम्ही वर पंखे लावून झोपलो होतो!

आणि मग शेवटच्या दिवशी दुपारी... हो, शेवटच्याच! दुकानात एक गिऱ्हाईक आलं. मी रंगाच्या दुकानात रंग मिसळून देतो, तर त्याला भिंतीसाठी राखाडी हवा होता. मी डबा हलवत होतो, तर तो सहज म्हणाला, “बरं झालं, रिटर्न भरून टाकलं, आज संपते मुदत.” तुम्हाला सांगतो, माझ्या हातातला डबा हलायचा थांबला आणि मी हलायला लागलो. कारण माझ्या मुलीचं कॉलेज! तिला शुल्कात निम्मी सवलत मंजूर झालीय, निम्मी! अट एकच, बापाच्या उत्पन्नाचा दाखला म्हणून यंदाचं रिटर्न दाखल केल्याची पोच उद्या सकाळी त्यांच्या कचेरीत हवी. पोच नाही तर सवलत यादीतल्या पुढच्या मुलीला. आणि पूर्ण शुल्क भरायचं तर मला दुकानातले सगळे रंग माझेच आहेत असं सांगून विकावे लागतील!

पळालो घरी. खातं उघडायला गेलो, तर म्हणे पासवर्ड सांगा. पासवर्ड काकांनी ठेवलेला. ‘पासवर्ड विसरलात? काळजी नसावी. कोड पाठवला आहे.’ कुठे पाठवला? तिथेच! मग मदत केंद्र, मग ती गोड बाई, मग ते मेलेल्या माणसाशी संपर्क साधणं... ते तुम्हाला सांगितलंच.

जिन्यात डॉक्टर भेटले. त्यांचा चेहरा असा, जसा त्यांच्या खुर्चीत बसलेल्या पेशंटचा असतो. हळूच म्हणाले, “कळलं का? काकांचा मुलगा आज तो नंबर बंद करतोय. मला फोन आला होता त्याचा. म्हणाला, ‘आईला त्या फोनचा त्रास होतो, संध्याकाळपर्यंत बंद होईल, कुणाला काही हवं असेल तर आत्ताच घ्या.’” मी म्हटलं, “म्हणजे संध्याकाळनंतर...” डॉक्टर नुसते खालच्या दाराकडे बघत राहिले. तुम्हाला सांगतो, दात उपटणारा माणूस घाबरलेला मी पहिल्यांदा बघितला.

बेल वाजवली. काकूंनी दार उघडलं. माझ्याकडे बघितलं, हातातल्या फोनकडे बघितलं, काखेतल्या फायलीकडे बघितलं आणि म्हणाल्या, “ये. कोडला आलास ना?”

मी म्हणालो, “छे छे काकू, सहज... म्हटलं तब्येत वगैरे...”

“तब्येत बरी आहे. आत बस. डॉक्टर, तुम्हीही या, दाराच्या मागे कशाला लपताय? बाई केव्हाच्या बसल्यात.”

आत मुख्याध्यापिका बाई सुतकी चेहरा करून बसलेल्या. मांडीवर फाईल. खोली तशीच होती. टेबल तेच, दिवा तोच, खुर्ची रिकामी. आणि काचेवर फोन. पडदे ओढलेले, त्यामुळे भर दुपारी खोलीत तिन्हीसांजा. आणि तुम्हाला सांगतो, आम्ही बसतो न बसतो तोच तो फोन थरथरला. घुर्र... करत काचेवर आपोआप सरकत कडेपर्यंत आला. आता पडतो की काय! काकूंनी न बघताच एका बोटाने त्याला मागे ओढला. जणू पाळलेलं जनावर! म्हणाल्या, “अंतिम सूचना असेल. सकाळपासून तेच चाललंय. बसा, पाणी आणते.”

म्हटलं, पाणी राहू दे काकू, तुम्हाला कशाला त्रास. आणि म्हटल्याक्षणी जीभ चावली! कारण काकूंनी अशी काही नजर टाकली माझ्यावर... रागाची नाही हो. रागाची असती तर परवडलं असतं. आपल्या घरातली वस्तू दुसऱ्याच्या हातात दिसली की माणूस बघतो ना, तशी.

प्यायलो पाणी. तिघांनीही. घटाघट.

मग तिघांनीही एकदम आपापला फोन काढला आणि एकदम बटण दाबलं. अक्कल म्हणतात ती हीच! काचेवरचा फोन घुर्र, घुर्र, घुर्र. काकूंनी उचलला, चष्मा कपाळावर सरकवला. डॉक्टर ओरडले, “कोड सांगा काकू!”

“कुणाचा?”

“कुणाचा म्हणजे?”

“तीन आलेत. नाव एकावरही नाही. सगळ्यांनाच ‘प्रिय करदाते’ म्हटलंय. त्यात तुमच्यातलं प्रिय कोण, ते मी कसं सांगू?”

“पहिला माझा! मी आधी दाबलं!” डॉक्टर.

“दाबलंत आधी, पण तुमचं नेट चालतं कुठे? पहिला माझा!” बाई.

मी म्हटलं, मधला घेऊ, मधला सुरक्षित असतो. घेतला. ‘कोड चुकीचा आहे. तीन चुका झाल्यास खाते उद्यापर्यंत बंद करण्यात येईल.’ उद्यापर्यंत! म्हणजे मुदत गेली, पोच गेली, सवलत गेली! डॉक्टरांचाही चुकला. बाई उभ्याच राहिल्या. अहो, निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण आवाज तोच, शाळेची घंटा झाल्यासारखा. “एकेकाने! ज्याची पाळी नाही त्याने फोन टेबलावर उपडा ठेवायचा. मांडीवर नाही, टेबलावर! डॉक्टर, ऐकू येतंय?” डॉक्टरांनी मुकाट्याने फोन उपडा ठेवला. मीही ठेवला. हातही बाकावर ठेवले असते, पण बाक नव्हता.

मग पाळीपाळीने. काकू कोड वाचायच्या, अगदी एका दमात, घडाघडा. चष्मा कपाळावरच. बाईंचं भरून झालं. डॉक्टरांचं सुरू झालं. मध्येच काकू सहज म्हणाल्या, “डॉक्टर, तुमच्या त्या दुसऱ्या दवाखान्याबद्दल मध्ये काहीतरी आलं होतं. मी पूर्ण वाचलं नाही.”

डॉक्टरांची बोटं थांबली. “कोणता... दुसरा?”

“मला काय माहीत? मेसेजमध्ये होतं. पण तुम्ही भरा, भरा. वेळ जातोय.”

खोलीत अशी शांतता झाली की भिंतीचा रंग सुकलेला ऐकू यावा! तुम्हाला सांगतो, तेव्हा माझ्या लक्षात आलं. आमच्यापैकी कुणाला बँकेचं किती व्याज आलं, कुणाला खात्यानं काय विचारलं, कुणी कुठे काय दडवलं, सगळं इतके दिवस या खोलीत येत होतं आणि ही माउली दार लावून ते ऐकत होती. आम्हाला वाटलं, काकू एकट्या आहेत. एकट्या कसल्या, सगळा जिना त्यांच्या मुठीत होता!

डॉक्टरांचं झालं. दुसरा दवाखाना लिहिला की नाही देव जाणे, पण घाम बराच पुसला. आणि झाल्या झाल्या म्हणतात, “आता नंबरही बदलून टाकतो, काकू. कोड येईल, तेवढा सांगा. म्हणजे पुन्हा तुम्हाला...” ‘त्रास’ हा शब्द त्यांनी गिळला. फोन घुर्रला. काकूंनी उचलला. या वेळी चष्मा डोळ्यावर घेतला, सावकाश एकेक आकडा वाचला, मध्ये थांबून डॉक्टरांकडे बघितलं, पुन्हा वाचला. डॉक्टरांनी टाकला. चूक! पुन्हा मागवला. पुन्हा चूक! आणि आधीची ती एक धरून झाल्या तीन. खातं बंद. उद्या या!

बाईंनीही करून बघितलं. “काकू, हा सहा की नऊ?” “सहाच वाटतोय बाई. नऊही असेल.” चूक! बाईंनी फोन बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, “राहू दे. मी जन्मात अंदाजाने उत्तर लिहिलेलं नाही.”

मग माझी पाळी. आत जायचा कोड काकूंनी घडाघडा दिला. उघडलं. बघतो तर पगार आधीच लिहिलेला, कापलेला कर लिहिलेला, बँकेचं व्याजसुद्धा लिहिलेलं! मला जे आठवत नव्हतं तेही त्या आयकरवाल्यांना पाठ! म्हटलं, मग मला विचारता कशाला? तर खाली मजकूर, ‘वरील माहिती खरी असल्याचे मी जाहीर करतो. असत्य आढळल्यास शिक्षेस पात्र राहीन.’ म्हणजे लिहिणार ते आणि शिक्षेला पात्र मी! दाबलं डोळे मिटून. ‘आपले विवरणपत्र दाखल झाले आहे.’ जिवात जीव आला हो! आणि डोळे उघडले तर खाली मुंगीएवढ्या अक्षरात, ‘पडताळणी होईपर्यंत ते दाखल झाल्याचे समजले जाणार नाही.’

आता याला काय म्हणायचं? दाखल झालंय, पण झालेलं नाही! आणि पडताळणी कशाने? कोडने!

बाहेर ऊन उतरलं होतं. खोलीत चेहरे धड दिसेनात, तरी दिवा कुणी लावेना. त्या खुर्चीवर वाकल्याशिवाय बटणाला हात पोचत नव्हता ना! मी विचार केला, नंबर आता कुठल्याही क्षणी बंद पडेल. तर आधी नंबर बदलावा, म्हणजे पडताळणीचा कोड माझ्याच फोनवर येईल. केवढा हुशार! मागवला कोड. काकूंनी चष्मा डोळ्यावर घेतला. सावकाश वाचला. मध्ये थांबून माझ्याकडे बघितलं.

चूक. ‘एक संधी शिल्लक.’

डोळ्यासमोर माझी मुलगी. सकाळपासून तिने काही विचारलं नव्हतं, फक्त दुकानात निघताना म्हणाली होती, “बाबा, ते होईल ना?” आणि मी म्हणालो होतो, “होईल म्हणजे काय, झालंच!”

तेवढ्यात काकूंच्या स्वतःच्या फोनवर मुलाचा फोन आला. स्पीकर चालूच असतो त्यांचा. “आई, बाबांच्या नंबरवर आत्ता एक कोड आला असेल बघ. तो सांग मला, त्याशिवाय नंबर बंद होत नाही.”

मी काकूंच्या शेजारीच बसलो होतो. काचेवरचा फोन घुर्रला, उजळला. मी वाचलं. ‘नंबर बंद करण्यासाठी कोड.’ पुढे आकडे. ठळक, टपोरे, आंधळ्यालाही दिसतील असे. काकूंनी बघितलं. कपाळावरच्या चष्म्याला हातही लावला नाही.

“नाही रे बाबा. काही आलं नाही.”

“पुन्हा बघ ना आई!”

“बघतेय ना. काहीच नाही. रेंज नसेल. उद्या बघू.” आणि फोन ठेवला.

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी बघितलंय हे त्यांनी बघितलं. अंधार आणि आमची दोघांची तोंडं. डॉक्टर आणि बाई आपापल्या फायली आवरत होते, त्यांच्या गावीही नव्हतं. काकू अगदी हळू, मला एकट्यालाच ऐकू येईल असं बोलल्या, “तो घुर्रला की वाटतं, बाहेरच्या खोलीत कुणीतरी कामात आहे. मग झोप लागते मला.”

मी आलो होतो सवलतीसाठी. माझ्याकडे एक संधी शिल्लक, मुलीचं वर्ष तीवर टांगलेलं, आणि आता येणारा कोड काकू खरा वाचणार की खोटा, हे एकट्या त्यांनाच ठाऊक! धमकी दिली का? नाही. काही मागितलं का? तेही नाही. नुसत्या बसून होत्या, मांडीवर फोन घेऊन, जसं कुणी झोपलेलं मूल घेऊन बसतं.

मी घसा साफ केला. मुद्दाम जरा मोठ्याने म्हणालो, “काकू, नंबर राहू दे काकांचाच. मला सवय आहे त्याची. नुसता पडताळणीचा तेवढा सांगा.”

दाबलं बटण. घुर्र. काकूंनी फोन डोळ्यापाशी नेला. सगळे आकडे एका दमात, घडाघडा. टाकले. ते गोल गोल फिरणारं चाक बघितलंय ना तुम्ही? फिरतंय, फिरतंय... आणि ‘पडताळणी यशस्वी. पोच उतरवून घ्या.’

झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी पोच घेऊन गेली, सवलत मिळाली, सगळं मार्गी लागलं. मी सुटलो! निदान मला तसं वाटलं.

मग एक दिवस जिन्यात काकू भेटल्या. म्हणाल्या, “बरं झालं दिसलास. तुझ्यासाठी काहीतरी आलंय. खात्याकडून.”

मी म्हटलं, “काय आलंय काकू? परतावा? का... नोटीस?”

“लांबलचक आहे. असं जिन्यात उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही. संध्याकाळी ये. आणि घाईत येऊ नकोस, निवांत ये.”

दिवसभर माझं रंगात लक्ष नाही. एका माणसाने पांढरा मागितला तर पिवळा दिला. बायको म्हणते, “अहो, खरं खरं सांगा, कुठे काही लपवलंय का?” मी म्हटलं, “मला आठवत असतं तर झोप तरी लागली असती!” संध्याकाळी गेलो. बेल वाजवायला हात वर केला तर दार उघडंच. आत दिवा लावलेला, पडदे बाजूला सारलेले आणि डॉक्टर बसलेले, घाम पुसत. त्यांच्या शेजारी बाई, ताठ. त्यांनाही काहीतरी आलेलं. लांबलचक. जिन्यात सांगण्यासारखं नसलेलं.

“बस,” काकू म्हणाल्या. “सगळे आले की सावकाश वाचते.”

रोज संध्याकाळी जातो आता आम्ही. रोज फोन घुर्रतो, रोज काकू चष्मा डोळ्यावर घेतात, वाचायला सुरुवात करतात, मग म्हणतात, “हे जरा बारीक आहे, उद्या उजेडात बघू.” आणि आम्ही तिघेही मान डोलावतो, पाणी पितो, बसतो. वर जाताना जिन्यात एकमेकांकडे बघतो... पण खरंच काही आलंय का, हे त्यांना विचारायची हिंमत अजून एकाचीही झालेली नाही!